टॅल्बट गाडी नक्की कुणाची? इंग्रजांची की फ्रेंचांची?

प्रथमेश_मिरज

नमस्कार मंडळी. ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीचे जुने निकाल चाळतोय आणि एका नावापाशी अडलोय. १९३०, १९३१ आणि १९३२ अशी लागोपाठ तीन वर्षं तिसरी आलेली गाडी टॅल्बट, देश ब्रिटन. पुढे १९५० साली लुई रोझिए आणि त्याचा मुलगा जाँ-लुई यांनी शर्यत जिंकली तीही टॅल्बटमध्येच, पण तिथे देश फ्रान्स. मधल्या काळात कंपनी फ्रेंचांना विकली गेली का? की एकाच नावाच्या दोन कंपन्या होत्या? त्यात भर म्हणजे अल्फा रोमिओच्या सुरुवातीच्या दिवसांबद्दल वाचताना 'दाराक' हे नाव आलं, आणि दाराकचं बघायला गेलो तर पुन्हा टॅल्बट! कुणी नीट उलगडून सांगेल का?

भांडुपचा_फिटर

प्रथमेश, त्या दोन वेगळ्या गाड्या आहेत. एक लंडनच्या बार्ल्बी रोडवर बनायची, दुसरी पॅरिसजवळच्या सुरेन गावात. पण पंधराएक वर्षं दोन्ही कारखान्यांचा मालक एकच होता, म्हणून हा गुंता.

टॅल्बट हे कुठल्या इंजिनियरचं नाव नाही. श्रूजबरीचा विसावा अर्ल चार्ल्स चेटविंड-टॅल्बट, त्याचं हे घराण्याचं नाव. या माणसाला चाकांचा नाद होता. मोटारींच्या आधी त्याने लंडनमध्ये रबरी धावांच्या, आवाज न करणाऱ्या घोड्याच्या बग्ग्या भाड्याने चालवल्या होत्या. त्याचा भागीदार अडॉल्फ क्लेमाँ हा फ्रेंच सायकल कारखानदार. डनलॉपच्या हवा भरायच्या टायरचे फ्रान्समधले हक्क वेळेवर पदरात पाडून घेतल्यामुळे तो गब्बर झाला होता. या दोघांनी मिळून क्लेमाँ-टॅल्बट काढली आणि १९०३ मध्ये लंडनच्या लॅडब्रोक ग्रोव्ह भागात, म्हणजे त्या बार्ल्बी रोडवरच, कारखाना उभा करायला घेतला. आधी क्लेमाँच्या फ्रेंच गाड्या आणून विकायच्या, मग हळूहळू स्वतःच्या. पैसा आणि नाव इंग्रज सरदाराचं, गाडी फ्रेंच, अशी ही सुरुवात.

आता दाराक. अलेक्झांडर दाराक हाही सायकलवालाच. त्याचा कारखाना सुरेनला, सीन नदीच्या काठी. मोटारींचा धंदा जोरात असतानाच त्याने कंपनी लंडनच्या भांडवलदारांना विकली आणि स्वतः कारभार बघत राहिला. म्हणजे कारखाना फ्रान्समध्ये आणि भागधारक इंग्लंडमध्ये. १९०६ मध्ये त्याने इटलीतही शाखा काढली, आधी नेपल्सला, मग मिलानच्या पोर्तेल्लोत. पॅरिसच्या रस्त्यांसाठी केलेल्या त्या लहान गाड्या इटलीत खपल्या नाहीत. १९१० मध्ये तिथल्याच मंडळींनी तो कारखाना घेऊन ए.एल.एफ.ए. अशी नवी कंपनी सुरू केली. तुझी अल्फा ती हीच.

इकडे सुरेनला दाराकने फिरत्या व्हॉल्व्हचं इंजिन बाजारात आणलं, ते साफ फसलं आणि १९१२ च्या सुमारास तो बाजूला झाला. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ मध्ये, त्याच दाराक कंपनीने लंडनची क्लेमाँ-टॅल्बट विकत घेतली. १९२० मध्ये वुल्व्हरहॅम्प्टनची सनबीमही आत आली आणि सगळ्यांवर एकच पाटी लागली, एस.टी.डी. मोटर्स, म्हणजे सनबीम, टॅल्बट, दाराक.

मग फ्रान्समध्ये सुरेनच्या गाड्यांवर 'टॅल्बट' नाव लावू लागले. त्याच गाड्या इंग्लंडला आल्या की लंडनच्या टॅल्बटशी घोळ नको म्हणून टॅल्बट-दाराक किंवा नुसतं दाराक. तुझ्या १९३० ते ३२ च्या गाड्या लंडनच्या, १९५० ची सुरेनची.

प्रथमेश_मिरज

काका, खूप आभार. पण मग एवढी तीन मोठी नावं एकत्र येऊनही कंपनी बुडाली कशी? गाड्या वाईट होत्या का?

भांडुपचा_फिटर

गाड्या वाईट अजिबात नव्हत्या, निदान लंडनच्या तरी नाही. बुडवलं ते कर्जाने. एस.टी.डी.चा तांत्रिक कारभार लुई कोटालेन या ब्रिटनी प्रांतातल्या फ्रेंच इंजिनियरकडे होता आणि त्याचा जीव शर्यतीत. १९२३ मध्ये हेन्री सीग्रेव्हने तूरला फ्रेंच ग्रां प्री जिंकली ती सनबीमवर, ब्रिटिश गाडीचा ग्रां प्रीतला तो पहिला विजय. नाव खूप झालं. १९२४ मध्ये या शर्यतींसाठी पाच लाख पौंड कर्ज काढलं, मुदत दहा वर्षं. १९३४ उजाडलं तेव्हा मंदीने आधीच कंबर मोडली होती, ते फेडायला पैसा नव्हता. माझं स्पष्ट मत आहे की त्यातला थोडा जरी पैसा बार्ल्बी रोडला नव्या मशिनरीसाठी मिळाला असता तर टॅल्बट वाचली असती, कारण तिथे जॉर्ज रोश बसला होता.

या माणसाबद्दल मला मनापासून लिहायचंय. माझं आयुष्य टूलरूममध्ये गेलं, त्यामुळे असेल. रोश जिनिव्हाचा, १८९१ चा जन्म, म्हणजे इंग्रजही नाही आणि फ्रेंचही नाही. १९१६ मध्ये पंचविशीत तो क्लेमाँ-टॅल्बटचा मुख्य इंजिनियर झाला. १९२५ च्या आसपास कारखाना बंद पडायच्या बेतात होता. तेव्हा त्याने १४/४५ नावाची गाडी काढली, सहा सिलिंडर, फक्त १६६६ सीसी. तिने कारखाना पुन्हा उभा केला.

त्या इंजिनाची गंमत पुशरॉडमध्ये आहे. व्हॉल्व्ह उघडायला लावणारा फिरता दांडा म्हणजे कॅमशाफ्ट खाली, व्हॉल्व्ह वर, मध्ये धक्का वर पोचवणारे टॅपेट आणि पुशरॉड, आणि व्हॉल्व्हला दाबणारा डोलता रॉकर. इंजिन जोरात फिरायला लागलं की हा सगळा ऐवज दर फेरीला वर फेकला जातो आणि स्प्रिंगला तो ओढून परत खाली आणावा लागतो. वजन जास्त असेल तर स्प्रिंगला वेळेत जमत नाही, व्हॉल्व्ह बसायच्या आधीच पुढची फेरी सुरू होते आणि ताकद पडते. बाकीच्यांनी यावर जाड स्प्रिंगा घातल्या किंवा कॅमशाफ्टच वर नेला. रोशने वजनच काढून टाकलं. त्याचे पुशरॉड स्वेटर विणायच्या सुईइतके बारीक होते. रॉकरही हलके, साध्या बुशऐवजी धारेवर टेकवलेले. त्यामुळे साधं पुशरॉडचं इंजिन ४५०० आरपीएमच्या पुढे न कुरकुरता जायचं. स्टार्टर आणि डायनॅमो एकच, तो थेट क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, पुढच्या टोकाला, म्हणून सुरू करताना दात्यांची खडखड नाही.

याच विचारातून पुढे ९० आणि तीन लिटरची १०५ निघाली. ल माँला तिसऱ्या आलेल्या त्याच. १९३२ च्या आल्प्स ट्रायलमध्ये, म्हणजे आल्प्सच्या घाटांतल्या गाड्यांच्या कसोटीत, १०५ चा संघ एकही गुण न गमावता बाहेर पडला. रस्त्यावर विकायच्या गाडीच्या इंजिनाने हे करणं म्हणजे काय, ते ज्याने हाताने व्हॉल्व्ह घासून बसवलेत त्यालाच कळेल.

ओंकार_व्हीएमसी

मी सीएनसीवर काम करतो, म्हणून विचारतो. इतका बारीक रॉड दाबाखाली वाकत कसा नाही?

भांडुपचा_फिटर

ओंकार, रॉड कडक केलेल्या पोलादाचे होते हे एक. दुसरं, रॉडवर येणारा भार मुळात कमी. व्हॉल्व्हची सगळी साखळी हलकी, म्हणून स्प्रिंग नरम चालते. स्प्रिंग नरम, म्हणून रॉडला कमी जोर सोसावा लागतो. म्हणून रॉड आणखी बारीक करता येतो. एका ठिकाणी वाचवलेला ग्रॅम पुढच्या ठिकाणीही कामाला येतो. जाडी वाढवून मजबुती आणायची आपल्याला सवय असते, रोशने उलट्या टोकाने सुरुवात केली.

मीनल_लंडन

मी लॅडब्रोक ग्रोव्हच्या जवळच राहते. कारखान्याची दर्शनी ऑफिसची इमारत अजून उभी आहे, आता लॅडब्रोक हॉल म्हणतात, तिथे कलेचे कार्यक्रम होतात. दारावर अर्लचं कुलचिन्ह आहे. मागच्या शेडच्या जागी घरं झालीत.

टॅल्बटबद्दल बोलताना पर्सी लॅम्बर्टला विसरू नका. १५ फेब्रुवारी १९१३ ला ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर त्याने साडेचार लिटरच्या टॅल्बटमध्ये एका तासात १०३ मैल १४७० यार्ड अंतर कापलं. तासाभरात शंभर मैल पार करणारा जगातला पहिला माणूस. विक्रम दुसऱ्याने मोडल्यावर परत मिळवायला त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला तो पुन्हा उतरला, टायर फुटला आणि गेला. ब्रॉम्प्टनच्या दफनभूमीत त्याची कबर आहे. त्याची शवपेटीही गाडीसारखी निमुळती केली होती असं सांगतात.

भांडुपचा_फिटर

मीनलताई, धन्यवाद, इमारत शिल्लक आहे हे वाचून बरं वाटलं.

प्रथमेश, शेवटचा भाग राहिला. १९३५ मध्ये लंडनची टॅल्बट आणि पाठोपाठ सनबीम रूट्स बंधू या इंग्रज मोटारवाल्यांनी घेतली. सनबीम नावावर विल्यम लायन्स या दुसऱ्या मोटार कारखानदाराचाही डोळा होता, तो मागे पडला आणि मग त्याने आपल्या गाडीला जॅग्वार नाव दिलं. रूट्सनी रोशच्या इंजिनाऐवजी हळूहळू आपल्याच हिलमन-हंबर गाड्यांचे भाग बसवले. मला हे अजून खुपतं. गंमत बघ, हेच रूट्स १९४९ मध्ये मुंबईत आले आणि एपीआय (ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया) काढली, जिथे पुढे लॅम्ब्रेटा स्कूटर बनली. माझे वडील तिथेच होते. सुरेनचा कारखाना अँटोनी लागो या इटालियन माणसाने घेतला. १९५० ला जिंकली ती त्याची टॅल्बट-लागो.

गॅरेज_डोंबिवली

काका, यात कल्याणचंही नाव येतं! टॅल्बट-लागो नंतर सिम्का या फ्रेंच कंपनीकडे गेली. सिम्का आणि रूट्स दोन्ही अमेरिकेच्या क्रायस्लरने घेतल्या आणि १९७८ मध्ये सगळं मिळून प्यूजोकडे आलं. त्यांनी टॅल्बट नाव पुन्हा काढलं. नवी टॅल्बट म्हणून जी गाडी तयार केली, तीच १९८५ मध्ये ऐनवेळी प्यूजो ३०९ नावाने बाहेर पडली. आणि ३०९ नव्वदच्या दशकात आपल्या कल्याणला बनत होती, पीएएल (प्रीमियर ऑटोमोबाइल्स)-प्यूजो. माझ्याकडे अजून एक डिझेल ३०९ येते, मालक विकायला तयार नाहीत.

प्रथमेश_मिरज

म्हणजे माझ्या मामांची पांढरी ३०९ टॅल्बटच्याच घरातली! रविवारी त्यांच्याकडे जातोय, बॉनेट उघडून फोटो टाकतो. काका, १०५ च्या रॉकरची एखादी रेखाकृती असेल तर इथे लावाल का?

भांडुपचा_फिटर

हाताने काढून लावतो. माप टाकणार नाही, रचना तेवढी दाखवतो. ओंकार, तू ती सॉलिडवर्क्समध्ये, त्या थ्रीडी ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये, उतरव, म्हणजे रॉकर धारेवर कसा डोलतो ते सगळ्यांना हलतं बघता येईल.