मदत हवी आहे : नववीच्या वर्गाचा विकी, मुलं ५४ आणि लिहितात चौघंच

खडूफळा :

नमस्कार मंडळी. मी नागपुरात मराठी माध्यमाच्या शाळेत नववीला भूगोल आणि जलसुरक्षा शिकवते. आपल्याकडे विदर्भात शाळा जूनअखेरीस उघडतात, त्यामुळे तयारीला थोडा वेळ आहे. म्हणून आत्ताच विचारते.

जलसुरक्षेच्या उपक्रमासाठी मुलं दरवर्षी फाइल करून आणतात. अर्धा मजकूर कॅफेतून छापून आणलेला, उरलेला ताईने किंवा बाबांनी लिहून दिलेला. तपासली, श्रेणी दिली की फाइल कपाटात. पुढची तुकडी येते आणि तेच सगळं पहिल्यापासून करते. मला हे बदलायचं आहे. वर्गाने मिळून ‘आपल्या नागपूरचं पाणी’ असा एक विकी, म्हणजे सगळ्यांना लिहिता आणि बदलता येईल असा पानांचा संग्रह, लिहावा : नाग नदी, पिली नदी, अंबाझरी, फुटाळा, गोरेवाडा, सोनेगाव हे तलाव, वस्त्यांतल्या विहिरी. पुढच्या वर्षीच्या मुलांनी त्यातच भर घालावी, चुका दुरुस्त कराव्यात.

मागच्या सत्रात ऑनलाइन डॉक्युमेंट सगळ्यांना खुलं करून लहानसा प्रयोग केला. चार हुशार मुलांनी भराभर लिहून टाकलं, बाकीच्यांनी खाली नावं घातली. शिवाय भांडण झालं. एका मुलीने लिहिलं, ‘नागपूरला अंबाझरी तलावातून पाणीपुरवठा होतो.’ एका मुलाने ते वाक्य पुसून ‘पेंच आणि कन्हान’ लिहिलं. तिने परत अंबाझरी केलं. तास संपेपर्यंत हेच चाललं आणि दोघं माझ्याकडे तक्रार घेऊन आली.

तर विचारायचं आहे ते असं. विकीसाठी कोणती प्रणाली घ्यावी? शाळेच्या संगणक कक्षात जुने पण चालू संगणक आहेत, इंटरनेटचा भरवसा नाही. काम कसं वाटावं, म्हणजे सगळी मुलं खरोखर लिहितील? आणि श्रेणी कशी द्यावी? वर्गात कोणी असं केलं असेल तर तपशिलात सांगा, प्लीज.

संत्राबर्फी :

मॅडम, वेगळा विकी कशाला? मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे. नाग नदीचा लेख तिथेच वाढवायला सांगा. मुलांचं लिखाण जगाला दिसेल, त्याचा हुरूप वेगळाच असतो.

अजब_बंगला :

संत्राबर्फी, हुरूपाचं पटतं. मी स्वतः मराठी विकिपीडियावर लिहितो. तरी नववीच्या वर्गाला थेट तिथे नेऊ नये असंच सांगेन. २०११ मध्ये पुण्यातल्या काही महाविद्यालयांत इंग्रजी विकिपीडियासाठी विद्यार्थ्यांकडून लेख लिहून घेण्याचा उपक्रम झाला होता. बऱ्याच विद्यार्थ्यांनी पुस्तकांतला आणि संकेतस्थळांवरचा मजकूर जसाच्या तसा उचलून टाकला. प्रताधिकारभंगाचा (कॉपीराइट मोडणारा) तो मजकूर शोधून काढता काढता जुने संपादक थकले आणि त्याच वर्षी उपक्रम थांबवावा लागला. ती तर कॉलेजची मुलं होती.

दुसरं कारण माझ्या मते जास्त महत्त्वाचं आहे. विकिपीडियावर मूळ संशोधन चालत नाही, आधी कुठेतरी प्रकाशित झालेलंच लिहायचं. ‘आमच्या गल्लीतली विहीर मे महिन्यात आटते’ हे मुलाने स्वतः पाहिलेलं वाक्य तिथून काढलं जाईल. आणि मॅडमना नेमकं तेच हवं आहे. ते वाक्य टिकेल अशी जागा वर्गाचीच असायला हवी.

अंबाझरीच्या भांडणाबद्दल सांगू का? दोघंही बरोबर आहेत. एके काळी शहराला अंबाझरीचं पाणी मिळत होतं, आज पेंच आणि कन्हान या नद्यांचं येतं. वाक्यात काळच नव्हता. विकिपीडियावर प्रत्येक पानाला जोडून चर्चेचं पान असतं, तसं पान तुमच्या विकीतही करायचं आणि हा वाद तिथे न्यायचा. ‘कधी?’ एवढाच प्रश्न विचारायचा. मग दोघांनाही आपापल्या वाक्यासाठी आधार शोधावा लागतो आणि पानावर दोन्ही वाक्यं राहतात, एक भूतकाळात, एक वर्तमानात. तुम्ही निकाल देऊ नका.

पाटी_पेन्सिल :

मी इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये असतो, त्यामुळे प्रणालीचं मी सांगतो.

विकिपीडिया ज्यावर चालतो ते मीडियाविकी फुकट आहे, पण त्याला डेटाबेस लागतो आणि सांभाळणारा माणूसही लागतो. मूडल या ऑनलाइन शिकवण्याच्या प्रणालीमध्ये विकीची सोय आहे. गटवार वेगळा विकी देता येतो, हे छानच. पण शाळेत मूडल आधीपासून नसेल तर एवढ्यासाठी बसवू नका.

तुमच्यासाठी डोकूविकी हे विकीचं सॉफ्टवेअर बरं. त्याला डेटाबेस लागत नाही, प्रत्येक पान म्हणजे साधी टेक्स्ट फाइल. कक्षातल्या एका बऱ्या संगणकावर बसवा, बाकीचे संगणक त्याच नेटवर्कवर असले की ब्राउझरमध्ये त्याचा आयपी पत्ता टाकून उघडतील. बाहेरचं इंटरनेट बंद असलं तरी तास होतो. बॅकअप म्हणजे विकीचं फोल्डर पेन ड्राइव्हवर कॉपी करणं, आणि हे दर शनिवारी न चुकता करा. पानांच्या जुन्या आवृत्त्याही त्याच फोल्डरमध्ये असतात.

अजून एक, एक जण पान संपादित करत असताना डोकूविकी ते दुसऱ्यासाठी काही मिनिटं कुलूपबंद ठेवतो. म्हणून ‘नाग नदी’ असं एकच लांबलचक पान नको. उगम, शहरातले पूल, नाल्यांचं पाणी, संगम अशी छोटी पानं करा आणि ती दुव्यांनी जोडा. प्रत्येक मुलाला स्वतःचं लॉगिन द्या. गटाचं एकच लॉगिन दिलंत तर कोणी काय लिहिलं ते कधीच कळणार नाही.

खडूफळा :

फार मोठी मदत झाली. ‘कधी?’ हा प्रश्न मी वर्गात फळ्यावर कायमचा लिहून ठेवणार आहे.

पण पान छोटं केलं तरी लिहिणारी मुलं तीच राहणार, ही धास्ती आहे. शिवाय टायपिंग. काही मुलांचा एक परिच्छेद टाइप होईपर्यंत तास संपतो. कार्यालयातल्या जुन्या फाइलींमधून शाळेच्या विहिरीची माहिती कॉपी केली तर नुसती विचित्र अक्षरं आली.

पाटी_पेन्सिल :

विचित्र अक्षरं म्हणजे तो मजकूर कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधला असणार. फॉन्ट परिवर्तक वापरून तो युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही संगणकावर नीट दिसेल असा, करून घ्या आणि नंतर एकदा डोळ्यांखालून घाला, जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडतात. मुलांना मात्र पहिल्या दिवसापासून इनस्क्रिप्ट ही देवनागरी टायपिंगची पद्धतच शिकवा. विंडोजमध्ये मराठीचा तो कीबोर्ड असतोच. सुरुवातीला हळू वाटतं, पण हात बसला की सुटत नाही.

शाळेतली_आजी :

मी बरीच वर्षं माध्यमिकला शिकवलं, आता निवृत्त आहे. विकी मी वापरलेला नाही, पण गटकार्य भरपूर घेतलं आहे, तेवढ्या अधिकाराने लिहिते.

बाळ, तू मुलांना विषय वाटून दिलास की ज्याला लिहिता येतं तोच लिहिणार. विषय वाटू नकोस. माहिती अशी वाट की एकाचं दुसऱ्यावाचून अडेल. समज, एका पानाला पाच मुलं. एकाने जागेवर जाऊन बघायचं आणि वहीत टिपायचं. एकीने घरातल्या किंवा शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला विचारायचं. एकाने पाठ्यपुस्तक, विश्वकोश, वर्तमानपत्र धुंडाळायचं. एकीने या तिघांची टिपणं जुळवून पानावर उतरवायचं. पाचव्याने ते वाचून जिथे कळत नाही तिथे प्रश्न टाकायचा. पुढच्या पानाला कामं बदलायची. टायपिंग हळू असलेलं मूलसुद्धा विहिरीत पाणी किती खोल आहे ते दोरीने मोजून आणेल, आणि त्याचा आकडा आल्याशिवाय पान पुरं होणार नाही. मोजायला मात्र सोबत मोठं माणूस हवंच, एकट्या मुलाला विहिरीवर पाठवू नकोस.

एक मात्र कर. दुसऱ्याचं वाक्य बदलणं म्हणजे त्याचा अपमान नाही, हे आधी शिकव. आपल्या मुलांना वहीची सवय. वही माझी, अक्षर माझं. पहिल्या तासाला तूच एक परिच्छेद लिही, त्यात मुद्दाम चार चुका ठेव आणि सगळ्यांना तो दुरुस्त करायला लाव. बाईंचंच वाक्य बदलायला मिळालं की भीड चेपते.

नाल्याकाठी :

माझी मुलगी आठवीत आहे, म्हणून पालक म्हणून लिहून राहिलो. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी ओसंडून वाहिला तेव्हा आमच्या घरात पाणी शिरलं होतं. असं काही घडलेली पोरं तुमच्या वर्गात नक्की असतील, आणि त्यांनी ते लिहावंच. पण कोणाचं घर, कोणत्या गल्लीत, किती नुकसान, हे नावानिशी इंटरनेटवर नको. २०२३ च्या विदा (डेटा) संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्यायची अट आहे, हेही लक्षात ठेवा. विकी शाळेच्या आतच चालला तर माझ्यासारख्या पालकाची ना नाही. आणि घरचा मोबाइल लागेल असं काम देऊ नका मॅडम. आमच्याकडे एकच फोन आहे, तो दिवसभर माझ्यासोबत कामावर असते.

खडूफळा :

आजी, तुमची पाच कामांची वाटणी मी जशीच्या तशी घेते आहे. यातलं म्हाताऱ्या माणसांना विचारायचं काम मला सगळ्यात मोलाचं वाटतं. फुटाळ्याची, नदीकाठची जुनी आठवण सांगणारी माणसं अजून घराघरांत आहेत आणि त्यांचं कुठेच छापलेलं नाही.

भाऊ, तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. विकी कक्षाबाहेर जाणार नाही, पुराची आठवण लिहिताना फक्त भाग लिहायचा, नाव नाही. मोबाइल अजिबात नको.

आता राहिली श्रेणी. पानाच्या इतिहासात कोणी किती अक्षरं घातली ते दिसतं असं वाचलं. त्यावर देऊ का?

अजब_बंगला :

अक्षरांवर अजिबात नको. तसं केलंत तर मुलं पानं फुगवतील. ज्याने दोन हजार अक्षरं चिकटवली तो पुढे, आणि जिने ‘नाग नदी कन्हानला मिळते’ याच्या पुढे ‘कन्हान वैनगंगेला मिळते, म्हणून शहराचं सांडपाणी गोसेखुर्द धरणापर्यंत पोचतं’ एवढं एकच वाक्य जोडलं ती मागे. माझ्या लेखी अख्ख्या पानात तेच वाक्य सर्वांत मोठं.

इतिहासात दोन आवृत्त्यांमधला फरक बघता येतो, काय गेलं आणि काय आलं ते रंगाने दिसतं. प्रत्येक मुलाला सांगा : सत्राच्या शेवटी तुझे तीन बदल तूच निवड. त्यातला निदान एक दुसऱ्याच्या मजकुरातला हवा. तो बदल का केलास, आधार काय, हे वहीत चार ओळींत लिही. तुम्ही ते तीन फरक उघडून वही शेजारी ठेवायची. ५४ मुलांचं एवढं तपासून होतं, आणि कोणी नुसतं नाव घातलं असेल तर दाखवायला त्याच्याकडे बदलच नसतात. पानाला मिळून गटाची वेगळी श्रेणी द्या, पण ती कमी वजनाची.

जतन करताना खाली ‘बदलाचा आढावा’ लिहायची चौकट असते. ती रिकामी सोडायची नाही, हा नियम पहिल्याच दिवशी करा. नंतर तपासताना त्या एका ओळीने तुमचा निम्मा वेळ वाचेल.

खडूफळा :

ठरलं तर. पहिली पानं विहिरींची घेते. त्या चालत जाऊन बघता येतात आणि त्यांच्यावर आयता मजकूर कुठे मिळत नाही, त्यामुळे उचलून आणायचा प्रश्नच येणार नाही. नद्या आणि तलाव दुसऱ्या सत्रात, हात बसल्यावर.

पाटी_पेन्सिल, शाळा उघडायच्या आधी एखाद्या शनिवारी आमच्या कक्षात येऊन डोकूविकी बसवून द्याल का? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. संगणकाचे आमचे सर सोबत असतील, म्हणजे पुढे बॅकअप तेच घेतील.