पदवी घेता घेता सैन्यातला अधिकारी होता यावे काय?

पायवाट (धागाकर्ता)

अमेरिकेत १९१६ च्या राष्ट्रीय संरक्षण कायद्याने आरओटीसी (रिझर्व्ह ऑफिसर्स ट्रेनिंग कोअर), म्हणजे विद्यापीठातच अधिकारी घडवणारी व्यवस्था, उभी राहिली. तिथला विद्यार्थी साध्या विद्यापीठात इतिहास किंवा अभियांत्रिकी शिकतो, पहाटे कवायतीला जातो, लष्करी विषयांचे तास करतो, तिसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात फोर्ट नॉक्स येथील सुमारे पाच आठवड्यांच्या शिबिरात पारखला जातो आणि पदवीबरोबरच सेकंड लेफ्टनंट होतो. आपल्याकडे १९४८ पासून एनसीसी आहे. गणवेश आहे, परेड आहे, 'बी' आणि 'सी' प्रमाणपत्रे आहेत. मात्र तीन वर्षे मन लावून सारे केले तरी 'सी' प्रमाणपत्रधारकाला मिळते ती विशेष प्रवेशात लेखी परीक्षेची सूट. एसएसबीचे, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाच्या चाचण्यांचे, पाच दिवस, वैद्यकीय तपासणी आणि चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीतील ४९ आठवडे त्यालाही चुकत नाहीत.

एनसीसीतील निवडक कॅडेटांना महाविद्यालयातूनच थेट कमिशनपर्यंत, म्हणजे अधिकारी म्हणून नेमणुकीपर्यंत, नेणारी वाट असावी, असे माझे मत आहे. बारावीनंतर खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत (एनडीए) जाणारा मुलगा सतरा-अठराव्या वर्षापासून सैनिकी वातावरणातच वाढतो. याउलट ज्याने चार वर्षे वेगवेगळ्या विचारांच्या, प्रसंगी सैन्याविषयी साशंक असलेल्या मुलामुलींबरोबर वर्गात बसून वाद घातले आहेत, तो अधिकारी ज्या समाजाचे रक्षण करायचे त्या समाजाला अधिक ओळखत असेल.

निवृत्तकॅडेट

असहमत, आणि तेही अनुभवावरून. मी महाविद्यालयात तीन वर्षे एनसीसी केली, 'सी' प्रमाणपत्र मिळवले, आणि त्या वर्षांविषयी मला आजही प्रेम आहे. पण त्या तीन वर्षांनी मला अधिकारी केले असे मी म्हणू शकत नाही. परेडची हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसता येत नाही, म्हणून आम्ही यायचो. परेड संपली की बूट काढून शेवटच्या बाकावर पेंगायचो. प्रात्यक्षिकांच्या आठवड्यात परेड बुडायची, शिबिराच्या दहा दिवसांत प्रात्यक्षिके बुडायची, आणि दोन्हीकडच्या शिक्षकांना आमच्याविषयी एकच तक्रार असायची.

अकादमीत जे शिकवले जाते ते बहुतांशी वेळापत्रकात लिहिलेले नसते. झोप पुरी झालेली नाही, अंग ठणकते आहे, चूक शेजाऱ्याची असूनही शिक्षा सगळ्या तुकडीला झालेली आहे, आणि तरीही नकाशा वाचून पुढची दिशा तुम्हालाच ठरवायची आहे, ही अवस्था दोन तासांच्या परेडमध्ये उभी करता येत नाही. परेड संपल्यावर घरी जाता येते हे कॅडेटला ठाऊक असते, तिथेच सारा फरक पडतो.

शेवटचाबाक

निवृत्तकॅडेट यांचे वर्णन वाचून हसू आले, कारण पेंगणाऱ्यांत मीही होतो. परंतु त्यांचा आक्षेप आरओटीसीला जसाच्या तसा लागू होत नाही. पदवीच्या दिवशी खांद्यावर पट्टी लागली म्हणून दुसऱ्या दिवशी कोणी त्या मुलाच्या हाती पलटण सोपवत नाही. आपापल्या शाखेचा अनेक आठवड्यांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम त्याला आधी करावा लागतो. म्हणजे झोपमोड आणि चिखल तिथेही आहेत, फक्त बराचसा भाग कमिशनच्या नंतर आहे. शिवाय अमेरिकी भूदलाला वेस्ट पॉइंट या त्याच्या लष्करी अकादमीपेक्षा अधिक अधिकारी या मार्गाने मिळतात. ही पद्धत इतकी कच्ची असती, तर एवढे मोठे सैन्य तिच्यावर शतकभर विसंबले नसते.

कॉलिन पॉवेल यांचे उदाहरण मुद्दाम देतो. जमैकाहून आलेल्या आईवडिलांचा हा मुलगा न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात भूविज्ञान शिकत होता आणि गुण बेताचेच होते. आरओटीसीत त्याला सूर सापडला, १९५८ मध्ये कमिशन मिळाले आणि १९८९ मध्ये तो संयुक्त सेनाप्रमुख मंडळाचा अध्यक्ष झाला. त्या पदावर पोहोचलेला आरओटीसीचा तो पहिला अधिकारी. सोळाव्या-सतराव्या वर्षी अशा मुलाला सैन्यात जायचे आहे हे त्याचे त्यालाही ठाऊक नसते.

मुक्तछंद

पॉवेल यांचे उदाहरण सुंदर आहे, पण या वाटेवर सही करावी लागते, त्याविषयी अजून कोणीच बोललेले नाही. आरओटीसीत शिष्यवृत्ती न घेता पहिली दोन वर्षे करणाऱ्यावर कसलेही बंधन नसते. शिष्यवृत्ती घेतलेला मात्र दुसऱ्या वर्षात पाऊल टाकताच बांधला जातो, आणि कमिशननंतर सक्रिय व राखीव मिळून आठ वर्षांची सेवा त्याच्यावर येते. मध्येच सोडले तर पैसे परत करा किंवा साधा सैनिक म्हणून भरती व्हा, असे त्याला सांगितले जाऊ शकते. एकोणिसाव्या वर्षी, शिक्षणाचा खर्च समोर आ वासून उभा असताना केलेल्या सहीला स्वेच्छा म्हणायचे की गरज? ज्याच्या घरी पैसा आहे तो दोन वर्षे चव घेऊन बाहेर पडू शकतो. ज्याच्या घरी नाही, त्याला तशी मुभा राहत नाही.

सक्ती कशी फसते हे आपणही पाहिले आहे. १९६२ च्या युद्धानंतर, १९६३ मध्ये, एनसीसी विद्यार्थ्यांना सक्तीची झाली आणि १९६८ मध्ये पुन्हा ऐच्छिक करावी लागली. आज तिचे जे चांगले आहे ते याच ऐच्छिकतेमुळे आहे. कॅडेटवर प्रत्यक्ष लष्करी सेवेचे दायित्व येत नाही, म्हणून डॉक्टर किंवा शिक्षिका होऊ इच्छिणारी मुलगीही तिथे येते. एनसीसीचे रूपांतर केवळ सैन्यभरतीच्या वाटेत केले, तर ती मुलगी येणार नाही.

आणि वर्गात साशंक मुलांबरोबर बसण्याचे जे गुणगान धागाकर्त्याने केले आहे, त्याची दुसरी बाजूही लक्षात घ्यावी. व्हिएतनाम युद्धाच्या काळात हेच वर्ग पेटले होते. मे १९७० मध्ये केंट स्टेट विद्यापीठातली आरओटीसीची इमारत जाळली गेली, आणि दोनच दिवसांनी नॅशनल गार्ड या राखीव सैन्यदलाच्या गोळीबारात चार विद्यार्थी ठार झाले. हार्वर्डने त्या सुमारास दूर केलेली आरओटीसी २०११ मध्ये परत आली.

पायवाट

सहीचा मुद्दा मला मान्य आहे. शिष्यवृत्ती आणि बंधन यांची गाठ मारू नये. करार पदवीच्या शेवटच्या वर्षात व्हावा आणि एसएसबी त्याआधी व्हावी, म्हणजे ज्याची निवड होणार नाही त्याची वर्षेही अडकणार नाहीत. हार्वर्डविषयी मात्र माझा निष्कर्ष उलटा आहे. चाळीस वर्षे दूर राहिल्याने ना सैन्य सुधारले ना विद्यापीठ. त्या काळात तिथून अधिकारी तेवढे कमी आले.

निवृत्तकॅडेट

करार कधी करायचा हे नंतर पाहू. आधी शिकवणार कोण ते सांगा. अमेरिकेत आरओटीसीची तुकडी चालवायला सेवेतला अधिकारी विद्यापीठात प्राध्यापक म्हणून येतो. आपल्याकडे महाविद्यालयातला एएनओ (एनसीसी सांभाळणारा सहयोगी अधिकारी) हा मुळात भूगोलाचा किंवा रसायनशास्त्राचा प्राध्यापक असतो, आणि बटालियनमधून येणारा हवालदार कवायत उत्तम शिकवतो, पण अधिकारी कसा विचार करतो हे शिकवणे त्याचे काम नाही. कमिशनपर्यंत नेण्याइतके प्रशिक्षण द्यायचे, तर शेकडो महाविद्यालयांत कॅप्टन-मेजर बसवावे लागतील, आणि ते त्याच पलटणींतून काढावे लागतील जिथे अधिकारी आधीच अपुरे आहेत.

पायवाट

शेकडो कशाला? सुरुवातीला पाच-सहा विद्यापीठे निवडावीत, बाकी ठिकाणी एनसीसी आहे तशीच राहू द्यावी. मुक्तछंद यांच्या डॉक्टर होणाऱ्या मुलीला तिथे कोणी अडवणार नाही. चेन्नईचे आठवडेही मी रद्द करू म्हणत नाही. महाविद्यालयात जे खरोखर शिकून झाले असेल, तेवढेच त्यातून वजा करावे.

निवृत्तकॅडेट

वजा करण्यापूर्वी त्या मुलांना चेन्नईत पहिले दोन महिने इतरांबरोबर पळवावे. जे पुढे राहतील त्यांचे आठवडे कमी करायला माझी हरकत नाही.