नॉर्वेत ओळखी होतात, मैत्री कशी करायची?

अवखळ_सई
नमस्कार मंडळी. मागच्या ऑगस्टपासून स्टावांगरला आहे, एनर्जी कंपनीत इंजिनियर, एकटीच राहते. कामाची काही तक्रार नाही, ऑफिसात इंग्रजी चालतं, बॉसला सगळे नावाने हाक मारतात, कोणी कोणावर आवाज चढवत नाही. पण चार वाजले की मजला रिकामा. साडेअकराला जेवण, जो तो आपापला ब्रेडचा डबा उघडतो, हवामान आणि रविवारी कुठे चालायला गेलो एवढं बोलून होतं न होतं तोच परत जागेवर. डिसेंबरात यूलेबूर झालं, म्हणजे ऑफिसचं ख्रिसमसचं जेवण, तिथे हीच माणसं खांद्यावर हात टाकून नाचली, एकीने तर मला तिच्या घटस्फोटाची अख्खी कहाणी ऐकवली, आणि सोमवारी कॉफी मशीनपाशी "हाय" म्हणून मान खाली! दोघींना घरी जेवायला बोलावलं तर कॅलेंडर उघडून पुढच्या महिन्यातली तारीख दिली. जिन्यात मी दिसले की शेजारीण पटकन दार लावून घेते असं वाटतं, भासही असेल माझा. हे लोक असेच आहेत का माझंच काही चुकतंय? जुन्या मंडळींनी इथे नॉर्वेजियन मित्र केले तरी कसे, की शेवटी सगळे आपल्याच ग्रुपात पॉटलक, म्हणजे प्रत्येकाने एक पदार्थ आणायचं जेवण, करत बसतात?

फियॉर्डकाका
सई, तारीख दिली ना? मग येणार त्या. इथे "कधीतरी भेटू" म्हणाले तर सोडून द्यायचं, पण कॅलेंडरात टाकलं की पक्कं. ठरल्या वेळेला बेल वाजेल, बूट दारातच काढतील आणि जेवण झाल्यावर तुझे आभार मानल्याशिवाय खुर्ची सोडणार नाहीत.

आता मूळ प्रश्न. मी ओस्लोत बरीच वर्षं काढलीत, माझ्या मते घोळ असा होतो की आपण गप्पांतून मैत्री करायला जातो आणि ह्यांची मैत्री हाताला काही काम असल्याशिवाय सुरूच होत नाही. शाळेपासूनचे चार मित्र असतात, बाकीचा वेळ घर, व्यायाम आणि हुट्टे, म्हणजे डोंगरातली किंवा समुद्राकाठची केबिन. त्यात नवीन माणसाला जागा करायची तर काहीतरी निमित्त लागतं. तुझ्या बिल्डिंगमधे एप्रिल-मे मधे, 17 मे च्या राष्ट्रीय दिनाआधी, डुग्नाडची नोटीस लागेल, सगळ्या रहिवाशांनी मिळून आवार साफ करायचं. ते अजिबात चुकवू नकोस. आमच्याकडे हिवाळ्यात बर्फावर टाकलेली खडी झाडून काढायची असते, पालापाचोळा ओढायचा, कुंपणाला रंग, तळघरातली जुनी अडगळ कंटेनरमधे. लिफ्टमधे भिंतीकडे बघत उभा राहणारा आमचा वरचा शेजारी, त्याने माझ्या हातात दाताळं दिलं आणि पन्हाळीतून पाणी कुठे गळतं, मागच्या कमिटीने कसे पैसे घालवले, ह्यावर जो सुरू झाला तो थांबेचना, शेवटी सॉसेज आणि कॉफी आली तेव्हा बायकोला बोलावून ओळख करून दिली. नंतर आम्ही त्यांच्या हुट्टेवर जाऊन आलो. दार लावून घेणारी तुझी शेजारीणही तिथे असेल बघ, आणि तिला तू आवडत नाहीस असं नाही, जिन्यात अडकून बोलावं लागू नये म्हणून ती आधी तुझ्या जाण्याची वाट बघते. गंमत वाटेल पण बरेच जण करतात हे.

गोधडी
काका, पटलं पण अर्धंच. डुग्नाडला मीही झाडू मारलाय, भाषा येत नसेल तर सॉसेज खाऊन माणूस घरी येतो. सई, ऑफिसात इंग्रजी चालतं हीच खरी अडचण आहे. तुझ्यासाठी सहा जण इंग्रजीत बोलायला लागतात, विनोद मरतो, आणि पुढच्या वेळी ते नकळत दुसऱ्या टेबलावर बसतात. वर्क परमिटवर आलेल्यांना नॉर्वेजियनच्या कोर्सचे पैसे स्वतःच भरावे लागतात, त्यामुळे कंपनी देते का हे आधी विचार, बऱ्याच ठिकाणी देतात पण आपण मागत नाही. शिवाय वर्गात शिकवतात बूकमोल, म्हणजे नॉर्वेजियनचं जास्त चालणारं लेखी रूप, तेही ओस्लोकडच्या उच्चारात, आणि स्टावांगरला बाहेर पडलं की 'मी'ला 'याय' ऐवजी 'एग' ऐकू येतं, घशातला 'र' वेगळाच, तेव्हा पहिले काही महिने काहीच कळत नाही, घाबरू नकोस. लायब्ररीत भाषेचे कॅफे भरतात, रेड क्रॉसचेही असतात, फुकट. तिथे निवृत्त झालेल्या बायका येतात, त्यांना घाई नसते आणि त्या तुझ्यासाठी इंग्रजीवर जात नाहीत. माझी इथली सगळ्यात जवळची मैत्रीण सत्तरीची आहे, तिथेच भेटली, मला विणकाम शिकवते आणि माझं व्याकरण सुधारते, दोन्हीत सारखीच कडक.

पोरांची_आई
मुलं असली की सोपं जातं, वाढदिवसाला बहुतेक वेळा अख्खा वर्ग बोलावतात, फुटबॉलच्या मॅचला पालकांना वाफल्स विकायची पाळी लागते, दुसऱ्या आईबरोबर दोन तास थंडीत उभं राहिलं की ओळख होतेच. तुला लागू नाही माहितेय, पण शाळेच्या बँडना लोप्पेमार्केड, म्हणजे जुन्या वस्तूंच्या बाजारासाठी कायम माणसं कमी पडतात, मूल नसलं तरी हात लागतातच. विचारून बघ.

परतलेला
मी थोडं कडू बोलणार. बर्गनला होतो, कोर्स केला, स्की शिकलो, सगळं केलं, ओळखीचे भरपूर, पण रात्री अकराला फोन करावा असा एकही नॉर्वेजियन नाही झाला. काकांचा शेजारी त्यांचं नशीब. तेव्हा आपला ग्रुप सोडू नकोस, पॉटलकला नावं ठेवायचं काही कारण नाही, फेब्रुवारीत तोच कामाला येतो. पण एक गोष्ट मला फार उशिरा सुचली ती सांगतो. स्टावांगरात जन्मलेल्यांच्या मागे लागू नकोस. त्यांचं सगळं भरलेलं असतं, आई-बाप, बहिणी, शाळासोबती सगळे गाडीने वीस मिनिटांवर. नोकरीसाठी उत्तरेकडच्या ट्रोम्सोहून, बोडोहून किंवा आतल्या एखाद्या खेड्यातून आलेले शोध. तेही शनिवारी एकटेच बसलेले असतात, फक्त बोलत नाहीत. ऑफिसात "तू मूळची कुठली" हा प्रश्न नॉर्वेजियन माणसालाही विचारत जा.

फियॉर्डकाका
@परतलेला, हा मुद्दा एक नंबर, माझा शेजारीसुद्धा मुळात उत्तरेकडचाच!

अवखळ_सई
बापरे, एवढं सगळं! धन्यवाद सगळ्यांना. परतलेला, तुम्ही म्हणता ते डोक्यातच नव्हतं, आमच्या टीममधे एकजण उत्तरेकडच्या लोफोतेन बेटांवरची आहे आणि ती खरंच सगळ्यांच्या शेवटी घरी जाते. कोर्सचं उद्याच एचआरला विचारते. अजून दोन प्रश्न: डोंगरातल्या केबिनवाल्या ट्रीपना एकटीने गेलं तर विचित्र दिसतं का? आणि गाण्याचा गट असतो का, आवाज बेताचाच आहे.

गोधडी
अजिबात विचित्र नाही, कितीतरी जण एकटे जातात. डीएनटी ही 1868 पासूनची गिरिभ्रमण संस्था, तिची तुमच्या भागातली शाखा रिफिल्केच्या डोंगरात बऱ्याच केबिन चालवते. तू प्रेकेस्तूलेन या प्रसिद्ध कड्याच्या गर्दीत जाऊ नकोस, तिथे टूरिस्टच भेटतील. जिथे जेवण मिळतं त्या मोठ्या केबिनमधे लांब टेबलांवर अनोळखी लोकांशेजारी बसवतात, जेवणाची वेळ ठरलेली, आणि तिथे हीच गप्प माणसं आपणहून विचारतात की आज कुठून आलात, उद्या कुठे. वाटेवर समोरून येणारा प्रत्येक जण "हाय" म्हणतो, शहरात तोच माणूस बसमधे तुझ्याशेजारची सीट टाळेल. सेल्फ सर्व्हिस केबिनमधे कोठीतलं सामान वापरायचं, काय घेतलं ते लिहून पैसे भरायचे, लाकडं फोडायची आणि पाणी आणायचं आपणच, म्हणजे काकांचं हाताला काम तिथे आयतंच. पहिल्यांदा लीडर असलेली ट्रीप घे, शाखेच्या कॅलेंडरवर सापडेल. मेंबरशिप घे, राहायला स्वस्त पडतं. झोपताना आत शिरायची चादरीची पिशवी स्वतःची लागते.

गाण्याचं म्हणशील तर गट ढिगाने आहेत. काही ठिकाणी आवाजाची चाचणी घेतात, काही ठिकाणी नाही, जाहिरातीत लिहिलेलं असतं. आठवड्यातून एकदा तालीम, मधे कॉफीची सुट्टी, आणि शब्द कागदावर असल्यामुळे उच्चारही सुधारतात. बहुतेक गट नवीन माणसं ऑगस्टअखेर-सप्टेंबरात नाहीतर जानेवारीत घेतात. जुलैत कोणाला मेल टाकू नकोस, सगळे हुट्टेवर असतात, उत्तर येणार नाही आणि तुला उगाच वाटेल की नको आहेस.