स्ट्रटचा रबर बुश बदलायचाय: पितळी घेऊ की फायबर कवचाचा?

खाडीकर_दिवाळे
फायबरची बोट आहे, नवी मुंबईतल्या दिवाळे गावाला लावतो. स्टेनलेस शाफ्ट दीड इंची, स्ट्रट (बोटीखाली शाफ्टला धरणारा आधार) गनमेटलचा, म्हणजे कांस्याचा. पंखा धरून वर-खाली केला की स्ट्रटपाशी 2 मिमी खेळ लागतो. बुशचं (स्ट्रटमधली रबरी अस्तराची नळी, शाफ्ट हिच्यातच फिरतो) रबर पुढच्या तोंडाला वर आणि मागच्या तोंडाला खाली खाल्लंय. 31 जुलैला मासेमारीबंदी संपायच्या आत काम उरकायचंय. कवच पितळी घेऊ की फायबरचं? आणि क्रेनचा खर्च वाचवून उधाणाच्या ओहोटीला चिखलावर बसवून बदलता येईल का?

लेथ_कपलिंग
2 मिमी म्हणजे बुश गेलाच. या शाफ्टला दीड मिमीच्या वर खेळ ठेवू नये. पण तिरकी झीज जास्त महत्त्वाची आहे. पुढे वर आणि मागे खाली खातोय म्हणजे शाफ्ट स्ट्रटमधून वाकडा जातोय. ते न सुधारता नवा बुश घातलात तर तोही तसाच खाईल. सगळीकडून सारखी झीज असती तर आपल्या खाडीच्या गाळाला दोष दिला असता.

ऑर्डर देण्याआधी शाफ्ट बुशच्या जागी आणि शेजारच्या न झिजलेल्या जागी मायक्रोमीटरने मोजा. नखाला चर लागत असेल तर आधी शाफ्टचं बघा, खडबडीत शाफ्ट नवं रबर किसून काढतो. टेपने मोजू नका. दीड इंच म्हणजे 38.1 मिमी आणि दुकानात 38 आणि 40 चे बुशही असतात. दीड इंचीला बाहेरचा व्यास 2 इंच किंवा 2⅜ इंच मिळतो, त्यामुळे स्ट्रटचा बोअर (आतलं भोक) साफ करून आडवा-उभा मोजा. लांबी शाफ्टच्या चौपट, म्हणजे 6 इंच.

फायबर बोट आणि गनमेटल स्ट्रटला दोन्ही कवचं चालतात. मी पितळी घेईन, दाबून बसवताना फुटत नाही. बोट लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची असेल तर मात्र फायबरचंच, नाहीतर गंज हलच्या (बोटीच्या अंगाच्या) धातूला लागतो.

ग्लँड_पॅकिंग
चिखलावर अजिबात नको. बोट कोरडी मिळते ती काही तासच. जुना बुश अडकला आणि शाफ्ट बाहेर असताना भरती आली तर स्टर्न ट्यूब (शाफ्ट बोटीबाहेर जातो ती नळी) उघडी, पाणी थेट आत. किनाऱ्यावर चढवून शाकारलेल्या बोटीवरच करा.

काढताना हातोडा मारू नका, स्ट्रट हलतो. बुश जागेवर धरणारा ग्रब स्क्रू आधी पूर्ण बाहेर काढा (रंगाखाली लपलेला असतो). मग शाफ्ट काढून पुलर लावा: थ्रेडेड रॉड, एका बाजूला बुशपेक्षा किंचित कमी व्यासाचा पाइपचा तुकडा, दुसऱ्या बाजूला बुश आत मावेल असा मोठा पाइप आणि जाड वॉशर. हललाच नाही तर हॅक्सॉचं नुसतं पातं आतून चालवा, कवचाला लांबीत दोन काप द्या आणि पट्टी आत वाकवून ओढा. पात्याला पितळेचा कीस येतोय तोवर ठीक. रंग बदलला की थांबा, स्ट्रटमध्ये शिरलात.

खाडीकर_दिवाळे
नवा बसवताना ग्रीस लावू का? ग्रब स्क्रू किती कसायचा?

ग्लँड_पॅकिंग
ग्रीस नको, साबणाचं पाणी. बुश रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. 2 इंची पितळ साधारण 0.04 मिमी आकसतं, तेवढ्याने दाबणं सोपं जातं. स्ट्रट तापवू नका, रबर जळेल. स्क्रूसाठी कवचावर उथळ खळगा करा, आरपार भोक नको. जास्त कसलात तर रबर आत फुगतं आणि शाफ्टला धरतं. बुशच्या पुढे-मागे पाणी जायला जागा सोडा, झिंक (गंज स्वतःवर घेणारा जस्ताचा तुकडा) बुशच्या तोंडाला चिकटवून लावू नका. जमिनीवर इंजिनने शाफ्ट फिरवू नका, या रबराला वंगण म्हणजे पाणीच.

लेथ_कपलिंग
अलाइनमेंट (इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत आणणं) बोट पाण्यात उतरवून एक-दोन दिवसांनी, टाक्या भरून करा. हल पाण्यात बसला की आकार थोडा बदलतो. कपलिंगचे (इंजिन आणि शाफ्टचा जोड) बोल्ट सोडून फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) चारही बाजूंना घाला. 100 मिमी कपलिंगला फटीतला फरक 0.1 मिमीच्या आत हवा. शाफ्ट पाव-पाव फेरा फिरवून परत मोजा. फट शाफ्टबरोबर फिरत असेल तर शाफ्ट वाकलाय किंवा कपलिंग सरळ नाही, इंजिनचे माउंट हलवून ते जाणार नाही. लेथवर चढवावंच लागेल.