शनिवारी क्लब हाऊसमध्ये कोणता पिक्चर?

सेक्रेटरी: नमस्कार मंडळी. २६ जानेवारीच्या आधीच्या शनिवारी संध्याकाळी ७ वाजता क्लब हाऊसमध्ये पिक्चर ठेवतोय. युद्धावरचा असावा असं बहुतेकांचं म्हणणं आहे. नावं सुचवा.

ए-३०१ दादा: कुठलाही चालेल, पण धडाकेबाज हवा. नाहीतर पोरं अर्ध्या तासात उठून खाली खेळायला पळतात.

सी-४०१ ताई: मी एक नाव सुचवते. 'ला ग्रांद इल्युझियों', म्हणजे मोठा भ्रम. फ्रेंच आहे, १९३७ सालचा, ज्याँ रन्वार दिग्दर्शक. ब्लॅक अँड व्हाइट, जवळपास दोन तास. पहिल्या महायुद्धात जर्मनांनी पाडलेल्या विमानातले दोन फ्रेंच अधिकारी, मारेशाल आणि बोएल्दियो, कैदी होतात आणि एका छावणीतून दुसरीत जात राहतात, त्यांची गोष्ट.

ए-३०१ दादा: लढाई किती आहे त्यात?

सी-४०१ ताई: अजिबात नाही. विमान पडतं तेसुद्धा दाखवलेलं नाही. आधी फ्रेंचांची मेस दिसते आणि लगेच जर्मनांची. ज्याने विमान पाडलं तो कॅप्टन राउफनश्टाइन त्या दोघांना शेजारी जेवायला बसवतो. मारेशालचा हात गळ्यात बांधलेला, ताटातलं मांस कापता येत नाही. शेजारचा जर्मन न बोलता ताट ओढून कापून देतो. युद्धाआधी तो फ्रान्समध्ये ल्यों शहरात कामाला होता. मारेशालही मूळचा मेकॅनिक. झालं, दोघांच्या गप्पा सुरू.

बी-१०२ काका: ताई, राग मानू नका, पण मला हे पटत नाही. माझा भाचा आत्ता बॉर्डरवर आहे. त्याची आई रात्री फोन उशाशी घेऊन झोपते. प्रजासत्ताक दिनाच्या निमित्ताने आपण शत्रू किती चांगला ते बघायचं? शत्रू तो शत्रू.

सी-४०१ ताई: काका, राग कसला? तुमचं म्हणणं मनापासूनचं आहे. पण या सिनेमात देशप्रेम कुठेही पातळ केलेलं नाही. कैदी छावणीत नाटक करत असतात, तेवढ्यात दुओमाँचा किल्ला फ्रेंचांनी परत घेतल्याची बातमी येते आणि सगळे जर्मन पहारेकऱ्यांसमोर उभे राहून राष्ट्रगीत गातात. त्याची शिक्षा म्हणून मारेशालला अंधारकोठडी. तिथे तो वेडापिसा होतो, तेव्हा एक म्हातारा जर्मन शिपाई त्याच्या शेजारी येऊन बसतो आणि जाताना खिशातला माउथऑर्गन ठेवून जातो. दोन्ही गोष्टी खऱ्या वाटतात. रन्वार स्वतः त्या युद्धात लढला होता, पायाला गोळी लागली होती, मग वैमानिक झाला. मारेशालचं काम करणाऱ्या ज्याँ गाबाँने घातलेला कोट रन्वारचा स्वतःचा, युद्धातला. हा माणूस घरात बसून शांतीची भाषणं देत नव्हता.

आणि हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्सला हा सिनेमा इतका झोंबला की त्याने याला सिनेमातला एक नंबरचा शत्रू म्हटलं. जर्मनीत बंदीच होती.

बी-३०२ काकू: त्या दोघांचं पुढे काय होतं ग?

सी-४०१ ताई: काकू, पुढचं सांगितलं तर मजा जाईल, पण एक सांगते. मारेशाल आणि छावणीतला त्याचा सोबती रोझेंथाल पळून जाताना एका जर्मन शेतकरीण बाईच्या गोठ्यात लपतात. एल्सा तिचं नाव. ती त्यांना धरून देत नाही. भिंतीवरचे फोटो दाखवते. नवरा व्हर्दंच्या लढाईत मेला, भाऊ लिएज, शार्लरोआ आणि टॅननबर्गला. भाऊ गेले त्या सगळ्या जर्मनीने मोठे विजय म्हणून मिरवलेल्या लढाया. मग कॅमेरा जेवणाच्या टेबलाकडे वळतो. लांबलचक टेबल, एका टोकाला तिची छोटी मुलगी. एल्सा म्हणते, आता हे टेबल फार मोठं झालंय. मी हा सिनेमा चार वेळा पाहिला. चारही वेळा इथे थांबवून पाणी प्यायला उठले.

बी-३०२ काकू: मी येणार. चिवडा माझ्याकडे.

डी-२०४ दादा: आपल्या नाशिकशी एक धागा सांगतो. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी भारतात सापडलेले जर्मन आणि ऑस्ट्रियन धरून आधी अहमदनगरला, मग आपल्या देवळालीला काटेरी तारेत ठेवले होते. गिर्यारोहक हाइनरिश हारर त्यातलाच. पुढे डेहराडूनला हलवल्यावर १९४४ साली निसटला आणि तिबेट गाठलं. देवळालीला जाताना ते आठवतं.

सी-४०१ ताई: हे माहीत नव्हतं! शनिवारी सुरुवातीला तुम्हीच सांगा.

ए-१०४ (सुभेदार आजोबांची नात): आजोबांनी व्हॉइस मेसेज केलाय, पण मागे लष्कराच्या फायरिंग रेंजचा आवाज आलाय, म्हणून टाइप करून टाकते. त्यांच्याच शब्दांत.

"बी-१०२ वाले भाऊ, तुमच्या भाच्याला माझा आशीर्वाद. मी तोफखान्यात होतो. ७१ नंतर आमच्या युनिटची काही पोरं कैद्यांच्या कॅम्पवर पहाऱ्याला लावली, त्यात मी. ९३ हजार माणूस आलेलं, ते सांभाळायचं सोपं काम नव्हतं. एक कैदी झेलमकडचा. बोलायला लागला की डोकं डावीकडून उजवीकडं फिरवायचा, डावा कान पुढं करायचा. मीही तसाच. दोन दिवसांनी लक्षात आलं, हाही गनरच. दोघांचाही उजवा कान गेलेला. मी विचारलं, गन कुठली? पंचवीस पाउंडर. माझीही तीच, इंग्रजांची, दोन्हीकडं वाटून गेलेली. मग तारेच्या अलीकडून-पलीकडून डावे कान समोरासमोर करून आम्ही मोठमोठ्यानं बोलायचो. हवालदार ओरडायचा, भांडताय काय रे? बोलणं काय, तर पावसात तोफेच्या दारूचे चार्ज कोरडे कसे ठेवायचे, तुमच्याकडं गहू कधी पेरतात. तो पळाला असता तर मी गोळी घातली असती. ते त्यालाही ठाऊक होतं. म्हणून काय तो माणूस नव्हता असं मी कसं म्हणू?"

बी-१०२ काका: सुभेदारसाहेब, नमस्कार.

सी-४०१ ताई: आजोबा, सिनेमात अगदी हेच आहे. राउफनश्टाइन पुढे जखमी होऊन किल्ल्यातल्या तुरुंगाचा अधिकारी होतो, मानेला आधाराचा पट्टा. कैद्यांमधला बोएल्दियो त्याच्यासारखाच खानदानी लष्करी अधिकारी, दोघांचं जमतं. एका रात्री साथीदारांना निसटता यावं म्हणून बोएल्दियो किल्ल्याच्या उंच भागात चढून बासरी वाजवतो, सगळा पहारा त्याच्यामागे. राउफनश्टाइन खालून विनवतो, परत ये. तो येत नाही. मग गोळी. पायावर नेम धरलेला, लागते पोटात. मरताना बोएल्दियो त्याला दोष देत नाही, ड्यूटी ती ड्यूटी म्हणतो. अख्ख्या किल्ल्यात एकच फूल असतं, राउफनश्टाइनच्या खिडकीतलं जिरेनियम. तो कात्रीने ते कापतो.

बी-१०२ काका: येतो मी. भाच्याच्या आईलाही आणतो. पिक्चर झाल्यावर बोलू, माझं सगळं मिटलंय असं नाही.

सी-४०१ ताई: नक्की या काका. सबटायटल इंग्रजी आहेत, तेव्हा ज्येष्ठांसाठी मराठीत दोन पानं मी लिहून आणते.

सेक्रेटरी: ठरलं मग. शनिवार, ७ वाजता. खुर्च्या ५० मांडतो.

ए-१०४ (नात): आजोबा विचारतायत, बासरी नीट ऐकू येईल ना?

सेक्रेटरी: त्यांची खुर्ची उजवीकडच्या भिंतीलगत ठेवतो, म्हणजे डावा कान स्पीकरकडे.