मदत हवी आहे: क्रशरवर फवारे असूनही धूळ उडते, शिवाय चाळणीत चिखल होतो

प्रश्न (नवा_सुपरवायझर)

नमस्कार. तासाला १५० टनांचा खडी प्लांट आहे. हॉपर (माल ओतायचं नरसाळं), जॉ क्रशर (दगडाची पहिली फोडणी), कोन क्रशर (दुसरी, बारीक फोडणी), मग तीन मजली चाळणी. चाळणीच्या डोक्यावरच्या पाइपाला १० नोझल (फवाऱ्याची तोंडं) आहेत, प्रत्येकावर ‘३ बारला ५ लिटर प्रति मिनिट’ असं कोरलंय. पंप जमिनीवर, त्याच्या गेजवर (दाबमापकावर) ४ बार दाब दिसतो. तिथून १५ मिमीचा जुना जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप, लांबी ६० मीटर, चढ १२ मीटर.

जॉच्या तोंडाशी आणि कोनखालच्या बेल्टवर (माल २.५ मीटरवरून पडतो) धुळीचे लोट उठतात. आणि त्याच वेळी खालच्या ४ मिमी जाळीत चिखल बसून ती बुजते. दुप्पट ताकदीचा पंप घ्या असा सल्ला मिळतोय. पंप आणि नोझल नेमके किती लागतील याचा हिशेब कसा मांडायचा?

उत्तर १ (पाइपलाइन)

पंप इतक्यात घेऊ नका. आधी दोन मापं घ्या. सगळ्यात लांबच्या नोझलजवळ टी (तीन तोंडांचा जोड) बसवून तिथे गेज लावा आणि फवारा सुरू असताना वाचा. मग एका नोझलखाली बादली धरून एक मिनिट पाणी जमवा. पंपाजवळचं गेज फक्त पंपाचं सांगतं, नोझलला काय मिळतंय ते नाही.

नवा_सुपरवायझर

शेवटच्या नोझलपाशी ०.४ बार. बादलीत मिनिटाला १.८ लिटर.

उत्तर २ (पाइपलाइन)

आकडे एकमेकांशी जुळतात. नोझलचा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो: ५ × √(०.४ ÷ ३) = १.८. दहा नोझलचे मिनिटाला १८ लिटर, म्हणजे तासाला १०८० लिटर. १५० टनांवर हे ०.७ टक्के झालं. खडीसाठी वजनाच्या ०.५ ते १ टक्का पाणी साधारण पुरतं. म्हणजे पाणी तुमच्याकडे आताही पुरेसं आहे. ते चुकीच्या जागी पडतंय आणि फार मोठ्या थेंबांत पडतंय. ०.४ बारला फवारा होतच नाही, धार गळते. ती मालाच्या एका पट्ट्यात मुरते आणि तिथेच चिखल होतो.

दाब कुठे गेला ते पाहा. १२ मीटर चढाला १.२ बार. १५ मिमी पाइपात १८ लिटरला ६० मीटरवर नव्या पाइपातही सुमारे १.८ बार जातो. तुमचा आतून गंजलेला, त्यात एल्बो (वळणाचे जोड) आणि गाळणी, म्हणून उरलेल्यातलंही बरंच गेलं. हाच पाइप २५ मिमीचा केला तर २५ लिटर प्रवाहालाही साधारण ०.३ बारच जाईल. आहे त्या पाइपावर मोठा पंप लावलात तर त्याची बहुतेक ताकद घर्षणात जाईल.

आता वाटणी. दगड फुटला की नवा कोरडा पृष्ठभाग उघडा पडतो, म्हणून प्रत्येक फोडणीच्या आधी आणि नंतर थोडं थोडं पाणी द्यायचं. ३ बारला २.५ लिटर देणारे नोझल धरा: हॉपरच्या तोंडाशी ३, जॉखाली ३, कोनखाली ३, चाळणीनंतरच्या बेल्टांच्या टोकाला १. एकूण २५ लिटर, म्हणजे बरोबर १ टक्का. चाळणीवरचे दहाही नोझल काढून टाका.

पंपाला लागणारा दाब: नोझल ३ + चढ १.२ + पाइप ०.३ + मळलेली गाळणी ०.५ = ५ बार. प्रवाहात २५ टक्के राखीव धरून मिनिटाला ३१ लिटर. ३१ × ५ ÷ ६०० = ०.२६ किलोवॅट ही पाण्याची ताकद. छोट्या पंपाची कार्यक्षमता ४० टक्के धरली तर ०.६५, म्हणून १.१ किलोवॅटचा मल्टिस्टेज (अनेक टप्प्यांत दाब वाढवणारा) पंप पुरे. पण आधी पाइप बदला आणि आहे त्याच पंपावर चालवून बघा. २५ लिटरलाही पंप ४ बार टिकवत असेल तर नोझलला २ बार मिळतील, तेवढ्यावरही फरक दिसेल.

उत्तर ३ (क्रशर_देखभाल)

दाबाचा हिशेब पटला, वाटणी नाही. खाली ४ मिमी जाळी आहे. वरच्या वाटणीत चाळणीआधी २२.५ लिटर पडतात, म्हणजे ०.९ टक्के. बारीक कच एवढ्या ओलीत जाळीला चिकटतेच. चाळणीआधी १५ लिटरवर (०.६ टक्के) थांबा: हॉपर, जॉखाली, कोनखाली प्रत्येकी २ नोझल. उरलेलं पाणी चाळणीनंतरच्या बेल्टांना द्या. प्रत्येक फाट्यावर वेगळा व्हॉल्व्ह आणि गेज लावा, वाटणी तिथेच ठरेल.

नोझलचा प्रकारही महत्त्वाचा आहे. माल भिजवायला फुल कोन (भरीव शंकूसारखा फवारा), साधारण २०० ते ५०० मायक्रॉनचे थेंब (१००० मायक्रॉन म्हणजे १ मिमी). हवेत उडालेली धूळ पकडायला मात्र थेंब धुळीच्या कणाच्या जवळपास आकाराचा हवा. थेंब फार मोठा असला तर कण त्याच्याभोवतीच्या हवेबरोबर वळसा घालून निसटतो. जॉच्या तोंडावर हॉलो कोन (पोकळ शंकूसारखा फवारा) किंवा हवेच्या दाबाचे बारीक नोझल चालतील, पण आडोशातच. उघड्यावर वारा ते धुकं उडवून नेतो.

बेल्टवर मारणार असाल तर ६५ अंशांचा नोझल ३०० मिमी उंचीवरून सुमारे ३८० मिमी रुंदी झाकतो. दोन नोझल २४० मिमी अंतराने लावले की ६२० मिमी झाली, ८०० मिमी बेल्टवरच्या मालाला पुरते. मोकळे काठ भिजवू नका. भिजलेला बेल्ट परतीच्या बाजूला माल चिकटवून नेतो आणि ड्रमवर घसरतो. शक्यतो शूटमध्ये (माल खाली सोडणाऱ्या पन्हाळीत) पडत्या मालावर मारा, तिथे माल उलटापालटा होतो आणि ओल आपोआप मिसळते.

आणि माल पडण्याची ती २.५ मीटरची उंची! पडता माल आपल्याबरोबर हवा ओढून आणतो आणि ती खाली धुळीसकट बाहेर फुटते. हे पाण्याने थांबत नाही. शूट बंदिस्त करा, दोन्ही बाजूंना स्कर्ट रबर (फट झाकणाऱ्या रबरी पट्ट्या), बाहेर पडायच्या तोंडाला रबरी पडदे. जमलं तर पडण्याची उंचीही कमी करा. हे आधी, नोझल नंतर.

उत्तर ४ (पाइपलाइन)

वाटणीबद्दल बरोबर आहे, माझी दुरुस्ती समजा. आणखी तीन गोष्टी.

गाळणीची जाळी नोझलच्या भोकाच्या एक तृतीयांशाहून बारीक हवी. भोक १.८ मिमी असेल तर मुख्य लाइनवर १०० मेशची (१५० मायक्रॉन भोकांची) लावा, तिच्या दोन्ही बाजूंना गेज. फरक ०.५ बार झाला की धुवा. पाणी जड असेल तर नोझलच्या तोंडावर क्षार धरतो. तारेने खरवडू नका, भोक मोठं होतं. सौम्य आम्लात भिजवा.

सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघडझाप होणारा) बेल्टच्या मोटरशी नव्हे, मालाच्या सेन्सरशी जोडा. बेल्ट रिकामा फिरत असताना पाणी सुरू राहिलं की चिखलाची सुरुवात तिथूनच होते.

टाकीत पाणी दिवसेंदिवस साचू देऊ नका. कोमट साचलेल्या पाण्यात लिजिओनेला (न्यूमोनिया करणारा जिवाणू) वाढतो आणि बारीक फवाऱ्यातून तो थेट फुप्फुसात जातो.

नवा_सुपरवायझर

पाइप आणि शूटचं काम आधी घेतो. पाणी बरोबर बसलं हे डोळ्यांनी ठरवायचं का?

उत्तर ५ (क्रशर_देखभाल)

नाही. चाळणीच्या आधीच्या बेल्टवरून फवारा बंद असताना २ किलो आणि चालू असताना २ किलो नमुना घ्या, बेल्टची पूर्ण रुंदी खरवडून. वजन करा, १०५ अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत वाळवा, पुन्हा वजन करा. दोन नमुन्यांच्या ओलीतला फरक म्हणजे तुमच्या फवाऱ्याचं पाणी. तो ०.६ टक्क्याच्या वर गेला तर आधी कोनखालचा व्हॉल्व्ह आवळा, हॉपरचा नाही. नैसर्गिक ओल रोज बदलते, म्हणून माल आधीच ओला असेल त्या दिवशी फवारा कमी ठेवा.

धुळीचंही तसंच. लोट दिसेनासे झाले तरी फुप्फुसात खोल जाणारे, १० मायक्रॉनहून लहान कण डोळ्यांना दिसत नाहीत. दगडात क्वार्ट्झ असेल तर त्यातच सिलिकोसिसचा (फुप्फुसांच्या कायमच्या आजाराचा) धोका आहे. जॉवरच्या कामगाराच्या कॉलरला पर्सनल सॅम्पलर (श्वासाजवळची धूळ गोळा करणारं छोटं यंत्र) लावून पूर्ण पाळीचं मोजमाप घ्या, आणि ते हाती येईपर्यंत मास्क काढू देऊ नका.