पेंग-रॉबिन्सन सगळीकडे लावणे कितपत योग्य?

धागाकर्ता :
व्हॅन डर वाल्स यांनी १८७३ साली लायडनला मांडलेल्या अवस्था समीकरणाच्या (दाब, तापमान व आकारमान यांचे नाते सांगणाऱ्या सूत्राच्या) वंशातले आज सर्वाधिक वापरले जाणारे समीकरण म्हणजे पेंग व रॉबिन्सन यांचे १९७६ चे. एखाद्या मिश्रणाचे कोणत्या दाबाला आणि तापमानाला बाष्प व द्रव असे दोन भाग पडतील हे काढायचे झाले, की बहुतेक अभियंते सॉफ्टवेअरमधला हाच पर्याय निवडून मोकळे होतात. ही सवय मोडली पाहिजे, असे माझे मत आहे. क्रांतिक बिंदूपाशी, म्हणजे बाष्प व द्रव यांतला फरक मिटतो तिथे, या समीकरणाचा संपीड्यता गुणक (आदर्श वायूपासून वर्तन किती ढळते याचे माप) प्रत्येक पदार्थासाठी ०.३०७ येतो, प्रत्यक्षात तो मिथेनचा ०.२८६, कार्बन डायऑक्साइडचा ०.२७४ आणि पाण्याचा ०.२२९ आहे. कार्बन डायऑक्साइडचा क्रांतिक बिंदू सुमारे ३१ अंश सेल्सिअस व ७४ बार, म्हणजे त्याच्या नळवाहिन्या चालतात त्या परिसरातलाच. तिथेच घनता दहा टक्क्यांहून अधिक चुकत असेल, तर सॅफ्ट किंवा जीईआरजी-२००८ ही नवी अवस्था समीकरणे हाताशी असताना याला चिकटून राहण्याचे कारण काय?

प्रतिसाद १ :
आपण आक्षेप घेतलात प्रावस्था-वर्तनावर (बाष्प व द्रव या प्रावस्था कशा वेगळ्या होतात त्यावर) आणि पुरावा दिलात घनतेचा. समतोल ठरतो तो प्रत्येक घटकाची फ्युगॅसिटी (प्रावस्थेतून निसटण्याची प्रवृत्ती) दोन्ही प्रावस्थांत सारखी होण्यावरून. सोआव्ह यांनी १९७२ मध्ये आकर्षणाचे पद तापमान व अॅसेंट्रिक फॅक्टर (रेणू साध्या गोलाकारापासून किती ढळतो याचे माप) यांच्याशी अशा रीतीने जोडले, की शुद्ध हायड्रोकार्बनचा बाष्पदाब बरोबर यावा. पेंग-रॉबिन्सननेही तीच वाट धरली. घनतेपुरता उपाय पेनेलू यांच्या १९८२ च्या आकारमान-सरकवणीत, म्हणजे काढलेल्या आकारमानात ठरावीक दुरुस्ती करण्यात आहे, आणि तिचे सौंदर्य असे की तिने समतोलातली घटकांची वाटणी तसूभरही बदलत नाही. उलट जीईआरजी-२००८ मध्ये २१ ठरावीक घटक आहेत; तेलातला सी७ प्लस हा सात किंवा अधिक कार्बन अणूंच्या रेणूंचा जड, संमिश्र भाग त्यात कुठे बसवणार? आणि तेलसाठ्याच्या प्रतिमानात लाखो कप्प्यांसाठी, प्रत्येक कालपायरीला, हेच गणित पुन्हा पुन्हा सोडवायचे असते, तेव्हा ज्याची मुळे थेट सूत्राने मिळतात त्या त्रिघाती समीकरणाला हिणवणे परवडत नाही.

प्रतिसाद २ :
मला दोघांचेही पटत नाही. शुद्ध पदार्थाचे गणित जमते, कारण ते जमवूनच घेतलेले असते. खरी परीक्षा मिश्रणाची. तिथे दर जोडीमागे के-आय-जे हा परस्परक्रिया गुणक लागतो. दहा घटक म्हणजे ४५ जोड्या, आणि हे गुणक बहुधा प्रयोगशाळेतल्या आकड्यांवर बेतलेले. मिथेन आणि पाणी ही जोडी घ्या : वायूतली पाण्याची वाफ बरोबर आणणारा गुणक पाण्यात विरघळलेल्या मिथेनला लावला, तर उत्तर पार फसते, म्हणून १९९२ मध्ये सोराइडे व व्हिटसन यांनी पाण्याच्या प्रावस्थेसाठी वेगळाच गुणक सुचवला. उपयोगी आहे, वादच नाही. पण याला भाकीत म्हणणे जरा जास्त होते.

तेलाच्या एकाच नमुन्याचा अहवाल घेऊन त्याच्याशी समीकरण जुळवण्यासाठी एकाने के-आय-जे हलवावा, दुसऱ्याने सी७ प्लसचे क्रांतिक तापमान. संपृक्तता दाब (ज्या दाबाला दुसरी प्रावस्था दिसू लागते तो) दोघांचाही तंतोतंत जुळेल, पण पुढे त्याच तेलात कार्बन डायऑक्साइड सोडला तर दोघांची उत्तरे वेगळी येऊ शकतात. अहवालात मात्र दोघेही ‘पेंग-रॉबिन्सन’ एवढेच लिहितात.

धागाकर्ता :
प्रतिसाद १ यांची सरकवणी स्थिरांकाची आहे. ती कमी तापमानाच्या द्रवावर बेतली, तर क्रांतिक बिंदूजवळची चूक तशीच राहते, आणि माझी नळवाहिनी नेमकी तिथेच आहे.

प्रतिसाद १ :
मग नळवाहिनीच्या घनतेसाठी जीईआरजी खुशाल वापरा, शुद्धप्राय कार्बन डायऑक्साइडला तेच योग्य. पण गॅस कंडेन्सेट साठ्यात दाब उतरताना वायूतून द्रव सुटू लागतो, तो उलटा प्रकार कोणत्या दाबाला सुरू होईल हे विचारायला आलात, तर मी पेंग-रॉबिन्सनच उघडीन. प्रतिसाद २ यांची सूचना मात्र मान्य : कोणता गुणक कशावर जुळवला, हे अहवालात लिहिलेच पाहिजे.